आगटीजवळचा हुरडा

सोलापूरला समुद्र नाही. सुटीच्या दिवशी घराबाहेर पडून जायचं कुठे, तर इथल्या माणसाचे पाय रानाकडे वळतात. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस झाली की थंडी अंगात शिरते, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते, आणि त्याच दिवसांत तुळजापूर रस्त्यावर, बार्शी रस्त्यावर हुरड्याचे फलक दिसू लागतात. तुळजापूरकडे निघालं की हिप्परग्याचा तलाव लागतो. आदिला नदी अडवून इंग्रजांच्या अमदानीत बांधलेला हा एकरूख तलाव म्हणजे सोलापूरकरांचा हक्काचा पाणकाठ. तो मागे टाकला की काळी रानं सुरू होतात आणि गाडीच्या काचेतून धुराचा वास आत येतो.

धुराच्या दिशेनं गेलं की आगटी सापडते. जमिनीत वीतभर खोल, ताटाएवढा खड्डा. त्यात शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवतात आणि जाळ पूर्ण बसू देतात. जाळावर हुरडा भाजत नाहीत, तो विस्तवावर भाजतात. आगटीशी बसलेल्या अण्णांना घाई केलेली अजिबात खपत नाही. गोवरीवर राखेची पांढरी साय धरली, की ज्वारीची कोवळी कणसं देठाकडून धरून ते निखाऱ्यात आडवी सारतात, वर थोडी गरम राख ओढतात आणि काडीनं एकेक कणीस फिरवत राहतात. घड्याळाकडे बघत नाहीत, नाकानं आणि कानानं काम चालतं. कच्च्या चिकाचा हिरवट वास जातो, गोडसर वास येतो, दाणे बारीक तडतडतात. त्या क्षणी कणीस बाहेर यायला हवं. थोडं आधी काढलं तर दाणा दाताला चिकटतो, थोडं उशिरा काढलं तर कडक होतो आणि राखेची चव घेऊन येतो.

कणीस आगटीत जाण्याआधीच निम्मं काम झालेलं असतं. "नखानं दाबून बघा की," अण्णा म्हणाले. "दूध उडालं तर कवळं. नख शिरलं न्हाई तर गेलं. दोन्हीच्या मधी हुरडा." दाण्यातलं दूध आटून मऊ पीठ व्हायला लागतं तेवढ्या दिवसांचा हा खेळ. नंतर साखरेचं पिष्ट होत जातं आणि गोडी ओसरते. तोडून ठेवलेल्या कणसाचंही तेच होतं, म्हणून सकाळी लागेल तेवढंच तोडायचं. एका पेऱ्याचा हुरडा आठवडाभरात संपतो. त्यामुळे जाणता शेतकरी आठ-दहा दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं पेरतो आणि हंगाम महिना-दीड महिना ओढतो.

वाणही वेगळं लागतं. भाकरीसाठी या भागात मालदांडी. तिची एम ३५-१ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली आणि आजही रब्बीत तिचाच दबदबा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच काळ्या मातीच्या जोरावर. परतीचा पाऊस जमिनीनं धरून ठेवायचा आणि पिकानं त्याच ओलीवर थंडी काढायची, अशी ही शेती. हुरड्यासाठी मात्र गुळभेंडी, सुरती, कुचकुची, दूधमोगरा. यांचा दाणा गोड आणि बोंडातून सहज सुटणारा. मालदांडीच्या रानात चार तासं या वाणांची टाकायची, ही जुनी रीत. पाखरांना ती चार तासं बरोबर कळतात. भोरड्यांचा थवा उतरला तर सकाळभरात कणसांची बुरकुंडं उरतात. म्हणून बांधावर गोफण घेऊन कुणीतरी उभं असतंच.

भाजलेलं कणीस अण्णांच्या हातून हुरडा चोळणाऱ्या अक्कांकडे जातं. त्यांचं काम मी जवळ बसून बघितलं आणि त्यातलं कसब बघून थक्क झालो. वाफाळतं कणीस डाव्या तळव्यावर, उजवा तळवा वरून. दोन्ही तळव्यांमध्ये ते गरकन फिरतं, दाणे खाली सुपात पडतात, बोंडं मोकळी होतात. जोर जास्त झाला तर दाणा चिरडतो, कमी पडला तर कुसं तशीच राहतात. मग सूप दोनदा झटकायचं, कोंडा उडून जातो आणि तळाशी हिरवा, ओलसर, चमकणारा दाणा उरतो. मी एक कणीस हातात घेतलं तर चटका सोसेना. अक्कांचे तळवे काळे पडलेले, कडा लालभडक. "गार झाल्यावर सुटत न्हाई," एवढंच त्या बोलल्या आणि पुढचं कणीस उचललं.

सोबतीला शेंगांची चटणी. सोलापूरची चटणी उखळात कुटलेली हवी, शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत, लसूण आणि लाल तिखटासह. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो. घट्ट दही, गूळ, रेवड्या, गोडीशेव, बोरं, हिरव्या हरभऱ्याचा हुळा हे सगळं ज्याच्या त्याच्या आवडीनं. माझ्या मते पहिली मूठ नुसती खावी.

अलीकडे माणशी दर लावून हुरडा पार्ट्या होतात. झोके, बैलगाडीची फेरी, दुपारी पिठलं-भाकरी. शेतकऱ्याच्या हाती चार रोख पैसे येतात, त्याचा मला आनंदच आहे. उसानं रब्बीची रानं खात नेली असताना चार तासं गुळभेंडीची टिकली, ती या गिऱ्हाइकामुळेच. खटकतं ते दुसरंच. आगटी लांब कोपऱ्यात, माणसं मांडवात खुर्च्यांवर, आणि मधल्या अंतरात हुरडा द्रोणात निवून येतो. निवलेला दाणा आवळतो, त्याची गोडी जाते, आणि लहान मुलांना वाटतं, हुरडा म्हणजे हेच. धुरात डोळे चोळत सकाळपासून बसलेल्या अण्णा-अक्कांशी त्यांची गाठही पडत नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, ज्वारीचं गुणगान खूप झालं. ज्वारी भाजणारे, चोळणारे हात त्यात कुणाला दिसले, असं मला वाटत नाही.

तेव्हा जायचं असेल तर सकाळी लवकर जा. फोनवर दर विचाराल, तेव्हा वाण कुठलं आणि कणसं कधी तोडता, हेही विचारा. आज सकाळी तोडलेली आहेत म्हणाले तर निघा. पोचलात की मांडवाकडे वळू नका, आगटीकडे जा, पोतं अंथरून बसा आणि अक्का सूप पुढे करतील तेव्हा गरम असतानाच मूठ भरा.