गिळलेलं औषध आणि घडलेलं औषध

१८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये आर्नोल्ड कान आणि पाउल हेप या डॉक्टरांनी जंतांवरचा उपाय म्हणून एका रुग्णाला नॅफ्थलीन द्यायचं ठरवलं. औषधाच्या दुकानातून चुकून दुसरीच पूड आली आणि रुग्णाचा ताप झपाट्याने उतरला. ती पूड होती अ‍ॅसिटॅनिलाइड. ‘अँटिफेब्रिन’ या नावाने ती बाजारात आली, ताप आणि अंगदुखी दोन्हींवर चालली. पण ती घेणाऱ्यांपैकी काहींचे ओठ आणि नखं निळी पडत. असं का होतं, याचा उलगडा व्हायला साठ वर्षं लागली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवलं, की शरीरात गेल्यावर अ‍ॅसिटॅनिलाइडचं बहुतांशी पॅरासिटामॉल होतं आणि दुखणं थांबतं ते या पॅरासिटामॉलमुळे. निळेपणाचं मूळ होतं सोबत तयार होणाऱ्या अ‍ॅनिलिनमध्ये.

वेदनाशामकांच्या अभ्यासाला यातून एक नवी दिशा मिळाली. यकृत प्रत्येक परक्या रेणूत फेरफार करून तो लघवीवाटे बाहेर टाकण्याजोगा करू पाहतं. बहुतेक वेळा या खटपटीतून निघणारा पदार्थ, म्हणजे चयापचयज, निष्क्रिय असतो. काही चयापचयज मात्र मज्जासंस्थेत पोचतात आणि चेतापेशींवरच्या रिसेप्टरना चिकटून स्वतःच काम करू लागतात. कधी मूळ औषधापेक्षा जोरात, कधी नेमकं उलट.

पॅरासिटामॉलचीच गोष्ट घ्या. घराघरात असलेली ही गोळी वेदना कशी थांबवते, याचं पूर्ण उत्तर अजून हाती आलेलं नाही. २००५ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या एड्वर्ड हॉगेस्टॅट आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा धागा शोधला. पॅरासिटामॉलचा काही भाग पॅरा-अमिनोफिनॉल बनून मेंदू आणि मज्जारज्जूत पोचतो. तिथे एका एन्झाइमच्या मदतीने त्याची अ‍ॅराकिडोनिक आम्लाशी सांगड बसते आणि एएम४०४ नावाचा रेणू तयार होतो. हा रेणू टीआरपीव्ही१ या रिसेप्टरवर काम करतो. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्याला चेतवतं तोच हा रिसेप्टर. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये त्याचं जनुक वेगळं केलं आणि २०२१ मध्ये ज्युलियस नोबेलचे मानकरी ठरले. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर पॅरासिटामॉलचा वेदनाशामक परिणाम दिसला नाही. २०२५ मध्ये इस्रायली संशोधकांनी आणखी भर घातली: एएम४०४ वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा थेट बंद करतो, म्हणजे संदेश मेंदूकडे निघण्याआधीच अडतो.

याच औषधाचा दुसरा चयापचयज, नॅपक्वी, डॉक्टरांना वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. मात्रा प्रमाणाबाहेर गेली, की त्याला निष्प्रभ करणारा यकृतातला ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि नॅपक्वी यकृताच्या पेशी मारू लागतो. २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की हाच नॅपक्वी मज्जारज्जूतल्या टीआरपीए१ या रिसेप्टरमार्फत वेदनेचे संदेश मंदावतो. एकच रेणू एका अवयवात उपकारक आणि दुसऱ्यात घातक ठरू शकतो.

अफूवर्गीय औषधांत तर चयापचयजांचं राज्यच आहे. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूवर्गीय द्रव्यांचे रिसेप्टर असल्याचं सिद्ध केलं. त्यांपैकी ‘म्यू’ रिसेप्टर चेतवला गेला, की पेशीत कॅल्शियम कमी शिरतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि वेदनेचा निरोप पुढे सरकत नाही. मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रातही म्यू रिसेप्टर असतात, म्हणून जादा मात्रेने श्वासच मंदावतो.

मॉर्फिनचे यकृतात प्रामुख्याने दोन चयापचयज बनतात: एम६जी आणि एम३जी. एम६जी म्यू रिसेप्टरला घट्ट धरतो आणि वेदना शमवतो. प्रमाणाने कितीतरी अधिक बनणारा एम३जी म्यूवर जवळपास काहीच करत नाही. उलट प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो मज्जासंस्थेला उत्तेजित करताना दिसला आहे. दोघेही मूत्रपिंडावाटे बाहेर जातात. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते साचत जातात: रुग्णाला गुंगी येते, श्वास उथळ होतो, हातपाय झटके देऊ लागतात. भारतात २०१४ च्या कायदेदुरुस्तीने कर्करुग्णांसाठी मॉर्फिन मिळणं सोपं केलं, ही मोठीच गोष्ट झाली. पण ज्यांचं मूत्रपिंड नीट चालत नाही अशा रुग्णांसाठी डॉक्टर अनेकदा फेंटॅनिल निवडतात, कारण त्याचे चयापचयज निष्क्रिय असतात. पेथिडिन या अफूवर्गीय औषधाबाबत सावधगिरी बाळगतात तीही अशाच कारणाने; त्याचा नॉरपेथिडिन हा चयापचयज साचला तर फिट येऊ शकते.

कोडीन स्वतः म्यू रिसेप्टरला जेमतेमच चिकटतं. त्याचा थोडासा भाग सीवायपी२डी६ हे एन्झाइम मॉर्फिनमध्ये बदलतं आणि वेदना कमी होते ती मुख्यतः त्यामुळे. या एन्झाइमचं जनुक प्रत्येकात सारखं नसतं. काहींत ते काम करत नाही, त्यांना कोडीन घेऊन फारसा आराम पडत नाही. काहींत जनुकाच्या जादा प्रती असतात. त्यांच्या रक्तात मॉर्फिन भराभर वाढतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुलं अशीच दगावली. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी कोडीन वर्ज्य ठरवलं. वेदनेसाठीचं ट्रॅमाडॉलही त्याच यादीत गेलं, कारण म्यू रिसेप्टर जोरात चेतवणारा त्याचा एम१ हा चयापचयज त्याच एन्झाइमकडून घडतो. फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी नैराश्यावरची औषधं या एन्झाइमला अडवतात. ती चालू असतील तर कोडीनचा गुण कमी येतो.

तेव्हा शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही तशीच लागू पडेल, हे गृहीत धरू नका. वेदनाशामक घेण्याआधी मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. लहान मुलांना कोडीन असलेलं खोकल्याचं औषध देऊ नका. निरोगी प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल घेऊ नये, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही ते असतं, म्हणून वेष्टन वाचून बेरीज करा. मात्रा चुकून जास्त झालीच, तर बरं वाटत असलं तरी लगेच रुग्णालय गाठा. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाला, तर यकृत बहुतेक वेळा वाचतं.