एजंटशिवाय मोकळा प्लॉट ऑनलाइन कसा विकायचा? जाहिरात टाकण्याआधी हे बघा

वडिलांनी काही वर्षांपूर्वी पैसे साठवून शहराच्या कडेला २ गुंठ्यांचा प्लॉट घेतला. आज घरात पैशांची गरज आहे आणि तो विकायचा आहे. एजंटला साधारण २ टक्के कमिशन द्यावं लागतं. २ गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. ९०० रुपये फुटाचा भाव धरला तर किंमत होते १९ लाख ६० हजार आणि कमिशन ३९ हजारांच्या वर.

मग आपण ओएलएक्स, ९९ एकर्स, मॅजिकब्रिक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर स्वतःच जाहिरात टाकतो. दोन दिवस फोन येतात आणि मग शांतता. असं का होतं? फ्लॅटमध्ये खोल्या, खिडक्या, पार्किंग दाखवता येतं. मोकळ्या जागेत दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. तिथे गिऱ्हाईक आधी कागदच बघतं. त्यामुळे पहिलं काम जाहिरातीचं नाही, कागदांचं आहे.

आधी कोणते कागद काढायचे?

सातबारा आणि ८अ उतारा काढा. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. जागा सिटी सर्व्हेत असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड काढा. सोबत जुनं खरेदीखत, फेरफार आणि एनए झालेला असेल तर त्याचा आदेश ठेवा.

आता सातबाऱ्यावर तीन गोष्टी बघा.

१. नाव कुणाचं आहे? वडील वारले असतील तर आधी वारस नोंद करून घ्या. मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ आणि लग्न झालेली बहीण या सगळ्यांचा त्यात हक्क असतो. खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या लागतात. घरातलं हे बोलणं गिऱ्हाईक येण्याआधीच उरका. भाव ठरल्यावर एक सही अडली की व्यवहार मोडतो.

२. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

३. इतर हक्कात काय लिहिलंय? बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा फेडला असला तरी नोंद तशीच राहिलेली असू शकते. ती कमी करून घ्या.

शेतजमीन कुणालाही विकता येते का?

नाही. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकरीच विकत घेऊ शकतो. त्यामुळे जागा एनए आहे की शेती, हे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा. शेतीतून गुंठा-दोन गुंठे तोडून विकायचे असतील तर १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्याच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत, म्हणून तुमच्या गटाला काय लागू आहे ते तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारून घ्या.

जाहिरातीत काय लिहायचं?

'मोक्याची जागा, त्वरित विकणे' एवढ्यावर कुणी गाडी काढून बघायला येत नाही. गाव, तालुका, क्षेत्रफळ, एनए आहे की नाही, रस्ता किती फुटी, वीज-पाणी कुठपर्यंत आलंय, एसटी स्टँड किंवा हायवे किती किलोमीटरवर, हे सगळं लिहा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १ आर म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट आणि १ गुंठा म्हणजे १,०८९. दोन्ही एकच समजून भाव लावू नका.

फोटो दिवसा काढा. गवत काढून चारही कोपऱ्यांच्या हद्दीच्या खुणा दाखवा. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

भाव ठरवताना शेजारच्या जाहिराती बघा, पण त्यात लिहिलेला असतो तो मागितलेला भाव. खरा व्यवहार केवढ्याला झाला ते आसपासच्या लोकांना विचारा. रेडी रेकनरचा दरही बघून ठेवा, कारण करारातली रक्कम आणि बाजारमूल्य यात जे जास्त असेल त्यावर मुद्रांक शुल्क लागतं.

फसवणूक कशी होते?

समोरचा न बघताच भाव मान्य करतो. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, टोकन लगेच पाठवतो' असं सांगतो आणि क्यूआर कोड पाठवतो. इथे एकच नियम पाठ करा: पैसे घेताना कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

दुसरा प्रकार म्हणजे 'गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणी फी भरा.' जागा न बघता फी मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. मूळ खरेदीखत, आधार आणि पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कागद समोरासमोर दाखवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पैसे कधी, कसे घ्यायचे?

विसार घेतला तर रक्कम, मुदत आणि व्यवहार मोडल्यास काय, हे लिहून घ्या. जमिनीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात सही करण्याआधी उरलेली रक्कम खात्यात जमा झालीय का, ते स्वतः बँकेत तपासा. नुसता चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं होत नाही.

विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफा कर लागू शकतो. ग्रामीण भागातल्या शेतजमिनीला तो लागत नाही.

वाचलेल्या ३९ हजारांतले थोडे पैसे वकिलाकडून मसुदा तपासून घ्यायला खर्च करा. एजंट टाळता येतो, पण ही पायरी टाळू नका.