चित्रपटांतील ‘लोप’

पाणिनीच्या व्याकरणांत ‘लोप’ ही संज्ञा आहे. प्रत्यय दिसेनासा होतो, परंतु त्याचें कार्य मागें राहतें. वर्गांत हें शिकवितांना आम्हांस व्यवहारांतलें उदाहरण सांपडत नसे. चित्रपटाचा संकलक तेव्हां सुचला नाहीं, याची आतां खंत वाटते.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला. फीत सुमारें ३,७०० फूट. फुटास १६ चित्रें. विलायतेहून येणारी कोरी फीत बिनछिद्रांची असे. तिला काळोखांत छिद्रें पाडणें, चित्रण झाल्यावर ती धुणें आणि तुकडे योग्य जागीं कापून सांधणें, हीं कामें फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. आणि तींही सर्व मंडळींचा स्वयंपाक आटोपून! सांध्यावर चार चित्रें अधिकउणीं झालीं, कीं उचललेला हात पडद्यावर झटका खातो. सांधा नीट बसला, तर तो कोणासच दिसत नाहीं.

आज हें काम संगणकावर होतें. कात्री गेली, जागरण राहिलें. संकलकाचें नांव मात्र आतां पडद्यावर येतें. सरस्वतीबाईंस लोकांनीं पुष्कळ वर्षें फाळक्यांच्या पत्नी म्हणूनच ओळखलें. वर आम्हींही तसेंच लिहिलें आहे.