मराठी शाळेत शिक्षक व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा, मग कोर्स

बेळगाव : पदवी झाली की ‘बीएड करून टाक, कुठंतरी शाळेत लागशील’ असा सल्ला घरोघरी मिळतो. पण पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचं असेल तर बीएड चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी तसा निकाल दिला आहे. या वर्गांसाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं डीएड (आताचं डीएलएड) लागतं.

बीएड उपयोगी पडतं ते सहावीपासून पुढे. प्रवेशासाठी पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत हा कोर्स आहे. दोन वर्षांपैकी २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत जातात. त्यामुळे फी भरण्याआधीच विचारून घ्या : मराठी अध्यापन पद्धती हा विषय मिळतो का? पाठ घ्यायला मराठी शाळा मिळते का?

आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटीही पास व्हावी लागते. १५० प्रश्न, १५० गुण, वेळ अडीच तास. खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. अर्जातली पहिली भाषा मात्र नीट बघून भरा. ती शिकवण्याच्या माध्यमाशी जोडलेली असते.

चुकीचा कोर्स निवडला, तर फीसोबत दोन वर्षंही जातात.