वैद्यकांतील संख्याशास्त्रज्ञ कसा घडला?

वैद्य म्हटला कीं नाडी पाहणारा व औषध देणारा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ज्यांनीं वैद्यकाची पदवी कधींच घेतली नाहीं, आणि तरीहि ज्यांच्यामुळें वैद्यकाची रीतच पालटली, अशा एका गृहस्थांची ओळख आज करून देण्याचें मीं योजिलें आहे. त्यांचें नांव ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल.

हिल यांचा जन्म १८९७ सालीं लंडन येथें झाला. वडील लिओनार्ड हिल हे शरीरक्रियाशास्त्राचे नामांकित अभ्यासक. मुलाच्या मनांतहि डॉक्टर व्हावयाचें होतें. परंतु पहिलें महायुद्ध आडवें आलें. ते आरमाराच्या विमानदळांत वैमानिक झाले, आणि त्याच नोकरींत त्यांना फुप्फुसाचा क्षय जडला. त्या काळीं क्षयाला रामबाण औषध नव्हतें. विश्रांति, मोकळी हवा व सकस अन्न, एवढाच काय तो उपाय. वर्षांमागून वर्षें अंथरुणावर गेलीं आणि डॉक्टरकीची आशा मावळली. तेव्हां त्यांनीं पडल्या पडल्या टपालाच्या द्वारें अर्थशास्त्राचा अभ्यास केला व १९२२ सालीं लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली.

पदवी अर्थशास्त्राची, पण ओढ वैद्यकाची! वडिलांचे जुने सहकारी मेजर ग्रीनवुड हे आंकड्यांच्या साहाय्यानें रोगांचा अभ्यास करीत. ‘मेजर’ हें त्यांचें नांवच होतें, हुद्दा नव्हे. त्यांच्या आधारानें हिल यांना वैद्यकीय संशोधन मंडळाचें साहाय्य मिळालें, आणि पहिलें काम आलें तें एसेक्स परगण्यांतलें. गांवांतील धट्टींकट्टीं माणसें शहराकडे निघून गेलीं, तर मागें उरलेल्यांत अशक्तांचें प्रमाण वाढूं शकतें. मग तेथील मृत्युसंख्येचा दोष गांवच्या हवापाण्याला द्यावा, कीं या स्थलांतराला? या प्रश्नावरील त्यांचा अहवाल १९२५ सालीं निघाला. याच उमेदवारीच्या काळांत ते कार्ल पिअर्सन यांच्या व्याख्यानांना जाऊन बसत. पुढें लँकेशायरमधील सुताच्या गिरण्यांतील कामगारांच्या आजारांचाहि त्यांनीं अभ्यास केला. १९३७ सालीं ‘लान्सेट’ पत्रांत डॉक्टरांना समजेल अशा सोप्या भाषेंत त्यांनीं लेखमाला लिहिली. तिचेंच पुढें पुस्तक झालें.

आतां त्यांच्या मुख्य कामगिरीकडे वळण्यापूर्वीं माझी एक चूक सांगतों. मीं शाळेंत पाढे शिकविण्याची एक नवी रीत काढली होती. ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं शाळा सुटल्यावर थांबावें, असें वर्गांत सांगितलें. परीक्षेंत थांबणाऱ्या मुलांना गुण अधिक पडले, व मीं आपल्या रीतीची बढाई मारली. पुष्कळ दिवसांनीं उमगलें कीं, थांबलीं होतीं तीं मुळांतच हुशार आणि उत्साही मुलें. यश रीतीचें नव्हतें, निवडीचें होतें!

नेमका हाच धोका औषधाच्या कसोटींत असतो. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. क्षयावर तें चालेल अशी आशा होती. परंतु इंग्लंडच्या वांट्याला तें फार थोडें आलें. डॉक्टरांनीं आपल्या मनानें रोगी निवडले असते, तर माझ्यासारखीच फसगत झाली असती. म्हणून १९४७ सालीं सुरू झालेल्या चाचणींत हिल यांनीं निवड यदृच्छेवर सोंपविली. कोणाला औषध मिळणार हें बंद लिफाफ्यांत ठेवलेलें असे. रोग्याला चाचणींत घेण्याचें पक्कें होईपर्यंत डॉक्टरांनाहि तें कळत नसे. क्ष-किरणांचीं चित्रें तपासणाऱ्यांनाहि रोगी कोणत्या गटांतला, हें ठाऊक नव्हतें.

एकूण रोगी १०७. त्यांपैकीं ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध दिलें, ५२ जणांना केवळ विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ दगावले, दुसऱ्यांतील १४. हा निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाला.

५२ जणांना औषधावांचून ठेवणें हा निर्दयपणा नव्हे काय, असें कोणी विचारील. परंतु सर्वांना पुरेल इतकें औषध नव्हतेंच, आणि त्याचा गुण किती हेंहि सिद्ध झालें नव्हतें. शिवाय काळजीपूर्वक नोंदी ठेवल्यामुळेंच दुसरी गोष्ट उघड झाली: कांहीं काळानें जंतू या औषधाला दाद देईनासे होतात. यास्तव दोन औषधें जोडून देण्याची चाचणी झाली, आणि तो उपाय लागू पडला. पुढें मद्रास येथें १९५६ सालीं सुरू झालेल्या केंद्रानें याच यदृच्छेच्या पद्धतीनें दाखवून दिलें कीं, गरीब क्षयरोग्यावर त्याच्या घरींहि यशस्वी उपचार होऊं शकतात.

हिल १९९१ सालीं वारले. ज्या रोगानें त्यांची डॉक्टरकी हिरावून घेतली, त्याच रोगाच्या औषधाची खरी पारख त्यांच्या हातून झाली. यापुढें कोणी आपणांस सांगेल कीं, अमुक औषधानें शंभरांतले नव्वद बरे झाले, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारा. ते शंभर निवडले कोणीं? आणि ज्यांना तें औषध दिलें नाहीं, त्यांच्यांतले बरे किती झाले?