खांब तोच, पेटी तीच, मग रेंज कुठे गेली?

लेखमाला – शहराच्या अदृश्य वाहिन्या : भाग ७

मागच्या भागात जमिनीखालचं फायबर पाहिलं. आज मान वर करून दिव्याच्या खांबाकडे बघू.

कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू हे गूगलचं गाव. ऑगस्ट २००६ मध्ये कंपनीने तिथे गावभर फुकट वाय-फाय सुरू केलं. सुमारे १२ चौरस मैलांचा परिसर, दिव्यांच्या खांबांवर बसवलेल्या साडेतीनशेहून जास्त पेट्या, आणि वेग साधारण १ एमबीपीएस. तेव्हा तो चांगला वाटायचा. काही वर्षांतच लोक कुरकुरू लागले, आणि २०१३ पर्यंत गावात बऱ्याच ठिकाणी ते वाय-फाय नावापुरतं उरलं होतं. पेट्या तर जागच्या जागी होत्या!

प्रत्येक खांबापर्यंत फायबर ओढणं महागात पडतं, म्हणून तिथे ‘मेश’ रचना होती. एक पेटी आपला डेटा शेजारच्या पेटीकडे देते, ती पुढच्या पेटीकडे, असं करत तो इंटरनेटशी थेट जोडलेल्या पेटीपर्यंत पोचतो. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि त्याच रेडिओवर पुढे सांगायचं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. मधली एखादी पेटी बंद पडली तर डेटा लांबचा रस्ता धरतो. मेशचं हे मोठं कौतुक होतं, पण देखभाल करणाऱ्याची खरी पंचाईत इथेच आहे. बिघाड एका गल्लीत होतो आणि तक्रार तीन गल्ल्या पलीकडून येते. ऑफिसातल्या पडद्यावरच्या नकाशावर मात्र सगळं हिरवंगार.

दुसरी फसवणूक फोनवरच्या रेंजच्या काड्यांची. आपल्याला पेटीचा आवाज किती ऐकू येतो, एवढंच त्या दाखवतात. आपला आवाज पेटीला पोचतो का, हे त्या सांगत नाहीत. खांबावरची पेटी एक वॉटपर्यंत शक्ती वापरू शकते. बॅटरी जपणारा फोन त्याच्या एक दशांशावर किंवा त्याहूनही कमी शक्तीवर बोलतो. म्हणून काड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही, हा अनुभव. अशा वेळी पेटीची शक्ती वाढवण्याचा मोह होतो. त्याने काड्या वाढतात, दुखणं तसंच राहतं.

शिवाय गाव जागचं हलत नसलं तरी बदलत असतं. झाडं वाढतात, आणि पानांतलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. पानगळीत केलेली मोजणी पालवी फुटली की खोटी ठरते. तिकडच्या गिलाव्याच्या भिंतींत बऱ्याचदा तारेची जाळी असते, ती लहरी अडवते. त्यात भर घातली ती घराघरांतल्या राउटरांनी. या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. गर्दीच्या लोकलमध्ये जसं प्रत्येकजण आवाज चढवतो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही, तसं होतं. इंटरनेटशी थेट जोडलेल्या नव्या पेट्या लावल्या की मेशचे टप्पे कमी होतात, पण त्याच तीन चॅनेलांवर आणखी तोंडं वाढतात.

म्हणून रेंज टिकवायची तर ऑफिसातल्या पडद्यावर भागत नाही. फुटपाथवर, फोन जिथे धरला जातो त्या उंचीवरून, प्रत्यक्ष पान उघडून मोजावं लागतं. ऋतू बदलला की पुन्हा. हे काम दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, त्यामुळे बजेटमध्ये पहिली कात्री त्यालाच लागते.

२०१४ मध्ये गूगल आणि नगरपालिकेने गावभर पुरवठ्याचा हट्ट सोडला. जुनं जाळं बंद करून कॅस्ट्रो स्ट्रीटचा बाजारभाग, रेंगस्टॉर्फ पार्क, वाचनालय अशा मोजक्या जागा ठेवल्या. याला माघार म्हणणारे म्हणोत. मला तो त्या प्रकल्पातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

पुढे जानेवारी २०१६ मध्ये गूगल रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर वाय-फाय घेऊन मुंबई सेंट्रल स्थानकात आलं, तेव्हा जागा आखीव होती आणि रुळांलगत रेलटेलचं फायबर आधीच पोचलेलं होतं. त्या फलाटांवरच्या वाय-फायबद्दल पुढच्या आठवड्यात.