वाचणे आणि उमजणे

मूल धडा खडाखडा वाचू लागले म्हणजे त्याला तो कळला, असे आपण पालक धरून चालतो. ही समजूत तपासून घ्यावी, असे आम्हांस वाटते. कमठाण्यासारख्या सीमेवरील गावी तर हे अगत्याचेच आहे. येथे कित्येक घरांत मराठी बोलतात, बाजारात कानडी व दखनी चालते आणि शाळेत हिंदी-इंग्रजीची भर पडते. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत शाळांवर उर्दूचा पगडा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला व कानडीचे महत्त्व वाढले. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, ही अडचण येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

एक उदाहरण घेऊ. बीदरचा प्रसिद्ध मदरसा महमूद गवानाने १४७२ च्या सुमारास बांधला. त्याच्याविषयी असे वाक्य मुलापुढे ठेवा : ‘बनावट पत्रावरून १४८१ साली सुलतानाने गवानास मृत्यूची शिक्षा दिली.’ हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. ‘अवसर’ म्हणजे मराठीत संधी, कानडीत घाई. ओळखीचा शब्दच असा चकवतो. आता ‘शिक्षा कोणास झाली?’ असे विचारले, तर अर्थ न कळताही मूल वाक्यातील नाव उचलून देईल. परंतु ‘ती न्यायाची होती काय?’ असे विचारताच त्याला ‘बनावट’ या शब्दापाशी थांबावेच लागते.

अमेरिकेतील पॅलिन्सर व ब्राउन या दोन विदुषींनी १९८४ साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. अक्षरे नीट वाचणाऱ्या, पण अर्थ न लागणाऱ्या सातवीच्या मुलांना त्यांनी चार सवयी लावल्या व मुलांचे आकलन सुधारले. त्या अशा :

१. परिच्छेद संपताच त्याचे सार आपल्या शब्दांत सांगणे.
२. त्यावर स्वतः प्रश्न काढणे.
३. अडलेला शब्द वा वाक्य न लपविता त्याचा उलगडा करून घेणे.
४. पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे.

मुले आळीपाळीने गुरुजी होऊन हे करीत.

यास खर्च नाही, की पालक शिकलेले असावे लागत नाहीत. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा ‘काय वाचलेस, मला समजावून सांग’ असे म्हणू शकते. मुलाने सार घरच्या बोलीत सांगितले तरी चालेल; अर्थ एकदा हाती लागला की पुस्तकी शब्द मागून येतात. रोज एक परिच्छेद, एवढाच नेम प्रत्येक घराने धरावा, अशी आमची विनंती आहे.